मूठ दाखवा

बाईंच्या शाळेत ‘नशीब’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. मला हे रुजू झाले त्याच दिवशी कळलं. अहेरीहून सुटलेली एसटी वाटेत दोनदा बंद पडली होती आणि शेवटचे तीन मैल मी डोक्यावर ट्रंक घेऊन चालत आले होते. शाळेच्या ओट्यावर ट्रंक टेकवली आणि दारात उभ्या असलेल्या बाईंना सहज म्हणाले, माझं नशीबच खोटं. बाईंनी हातातली छत्री दाराच्या चौकटीवर आपटली.

“ते बस कोन दुरुस्त करत नाई त्याचं नाव घे,” त्या म्हणाल्या. “नशिबाचं नाव इथी घ्याचं नाई. पोरं आयकतात.”

मग आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी पाणी आणलं.

बाई तेव्हा पन्नाशीच्या असतील. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, अंगावर पांढरं सुती लुगडं आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. छत्री बारा महिने हातात असायची, पण ती उघडलेली मी फार थोड्या वेळा पाहिली. ती टेबलावर, खांबावर, फळ्यावर आपटण्यासाठी होती. आमच्याकडे वर्तमानपत्र तीन दिवस शिळं यायचं. ते हातात पडलं की बाई आधी राशिभविष्याचा चौकोन शोधायच्या, तो फाडून चुलीत घालायच्या आणि मगच बातम्या वाचायला बसायच्या. हे त्या रोज करत आणि रोज तितक्याच संतापानं करत. एकदा मी म्हटलं, बाई, आपल्या गावात ते वाचणारं दुसरं आहे तरी कोण? तर म्हणाल्या, तू आहेस ना.

जेवण त्या उभ्यानं करायच्या. रेडिओवर कुणी मंत्री बोलायला लागला की त्याला उत्तरं द्यायच्या. परसात त्यांची एक कोंबडी होती, तिच्यावरही रागवायच्या. पण पोरांवर मात्र त्यांचा हात कधी उठला नाही. त्यांचा सगळा राग वरच्या दिशेनं जायचा. साहेब, सावकार, मंत्री, ठेकेदार, जो कुणी वर असेल त्याच्याकडे. पहिलीतलं पोर त्यांच्या लुगड्याला नाक पुसायचं आणि त्या तशाच फळ्यावर लिहीत राहायच्या.

आमची शाळा दोन खोल्यांची, कवेलूंच्या छपराची होती. पहिली ते चौथी, वर बालवाडीची सात-आठ पोरं, आणि मास्तर म्हणून आम्ही दोघी. राहायलाही शाळेमागच्या एकाच घरात होतो. पोरं घरी गोंडी बोलायची. शाळेत आली की तिकडचं मराठी बोलायची. बाईंना दोन्ही यायचं. मी चंद्रपूरची, शिंप्याची मुलगी. मला गोंडीतलं एक अक्षर कळत नव्हतं आणि जंगलाची भीती वाटायची.

मी आल्यावर दोन महिन्यांनी बाईंना प्रशिक्षणासाठी बोलावलं. तिथून त्या परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज बसलेला होता. दोन दिवस त्या पाटीवर लिहूनच बोलल्या. तिथे काय झालं ते मला थोडं थोडं करून कळलं. गणित शिकवायला आलेल्या एका विद्वान माणसानं सांगितलं होतं की लहान मुलांना शक्यता ही गोष्टच समजत नाही. काय होण्याजोगं आहे आणि काय नाही, काय वारंवार होईल आणि काय क्वचित, हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही. सगळं जादूनं होतं असं त्यांना वाटतं. आठ-नऊ वर्षांपर्यंत हे असंच चालतं. आणि मग तो हसून म्हणाला होता, तुमच्या जंगलातल्या पोरांचं तर विचारायलाच नको. हॉलमधले मास्तर हसले. बाई उठून उभ्या राहिल्या आणि सतत भांडत राहिल्या, घसा जाईपर्यंत.

तिसऱ्या दिवशी आवाज थोडा आला. तेव्हा त्या पहिलं वाक्य बोलल्या ते असं: “मी दाखवतो त्याले.”

दाखवायला तो माणूस काही पुन्हा येणार नव्हता. तरी बाईंनी सुरू केलं. एका टोपलीत त्यांनी चिंचोके आणि गुंजा घेतल्या, वर फडकं टाकलं आणि पहिलीच्या पोरांना विचारलं, हात घातला तर काय निघेल? गुंज काढणाऱ्याला लिमलेटची गोळी. पोरं एकामागून एक येऊन गुंजच काढायला लागली. बाई चकित झाल्या, मग चिडल्या. सोमी नावाची एक सहा वर्षांची पोरगी होती, गावाच्या टोकाला राहणारी, केस कायम डोळ्यांवर. तिनं शांतपणे सांगितलं, “बाई, गुंज लहान रायते ना. हाताले समजते.”

त्या सुट्टीत घरी निघालेल्या मला बाईंनी हुकूम दिला. अब्बांच्या दुकानातून एकाच मापाची बटणं आणायची, लाल आणि पांढरी, बोटाला फरक कळता कामा नये. अब्बांनी डोळे मिटून एकेक बटण चाचपून निवडलं आणि पुडी बांधून दिली. कशासाठी हवीत हे मी सांगितल्यावर ते बराच वेळ हसत होते, पण पैसे घेतले नाहीत.

मग ती बटणं रोजची झाली. गणिताच्या तासाला बाई दोन टोपल्या मांडायच्या. एकीत तीन लाल, एक पांढरं. दुसरीत सहा लाल आणि सहा पांढरी. लाल निघालं तर गोळी. कोणत्या टोपलीत हात घालशील? मला वाटलं होतं पोरं दुसरीकडे धावतील, तिथे लाल जास्त दिसतात. पहिल्या दिवशी काही धावलीही. पण टोपल्या नीट पाहू दिल्या, घाई केली नाही, की बहुतेक पोरं पहिलीच निवडायची. काऊन, असं विचारलं की त्यांना सांगता यायचं नाही. एक म्हणायचं, तिथी पांढऱ्याची गर्दी आहे. दुसरं नुसतं खांदे उडवायचं. बाई एका वहीत प्रत्येकाचं उत्तर लिहून ठेवायच्या, नावासह. मला म्हणायच्या, मोजता नाई येत यायले अजून, पन डोळ्यानं तोलतात. तो मानूस म्हने डोक्यात शिरत नाई.

एकदा काढलेलं बटण परत टाकत टाकत पाच वेळा लालच निघालं. चौथीचा एक हुशार मुलगा म्हणाला, आता पांढरं निघालंच पाहिजे. मीही मनात तेच म्हणत होते. सोमी त्याच्याकडे वळून म्हणाली, “टोपलीले का मालूम आधी का निघालं तं?”

बाईंनी ते वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि बाहेर निघून गेल्या. मी मागे गेले तर त्या ओट्याच्या खांबाला धरून रडत होत्या. मला पाहताच भडकल्या आणि वर्गावर जा म्हणाल्या.

त्यांचा सगळ्यात आवडता खेळ मात्र फसवणुकीचा होता. टोपलीभर पांढरी बटणं आणि त्यात फक्त दोन लाल, असं पोरांना आधी नीट दाखवायच्या. मग स्वतः हात घालून एक लाल काढायच्या, दुसरं लाल, तिसरं लाल, चौथं लाल. चारही त्यांनी आधीच मुठीत धरलेली असत. पोरांच्या चेहऱ्याकडे त्या वाघिणीसारख्या बघत असायच्या. बालवाडीतली, जेमतेम चार वर्षांची पोरंसुद्धा टोपली सोडून बाईंच्या हाताकडे बघायला लागायची. मग कुणीतरी म्हणायचं, बाई, मूठ दाखवा. जो म्हणेल त्याला दोन गोळ्या. आणि जो हसून टाळ्या वाजवेल, बाईंच्या हातात जादू आहे म्हणेल, त्याला त्या जवळ घेऊन हळू आवाजात समजवायच्या. मला हे तेव्हा जरा विचित्रच वाटायचं. पोरांना मास्तरवर संशय घ्यायला कुणी शिकवतं का? मी तसं म्हटलंही.

तेव्हा, आयुष्यात एकदाच, त्यांनी मला आपली गोष्ट सांगितली. ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यात त्या शिकत होत्या. धर्मांतराच्या पुष्कळ आधीची गोष्ट. त्यांच्या वस्तीतली पाच पोरं शाळेच्या ओट्यावर बसायची, वर्गात नाही. नवीन आलेले मास्तर सुधारक म्हणवणारे होते. त्यांनी ठरवलं की रोज चिठ्ठी काढायची आणि पाचातल्या एकाला आत बसू द्यायचं. रोज सकाळी ते टोपीत हात घालायचे. इतर चौघांच्या चिठ्ठ्या आलटून पालटून निघायच्या. बाईंची कधीच निघाली नाही. त्यांच्या वडिलांनी त्या वर्षी पाटलाचं मेलेलं ढोर ओढायला नकार दिला होता.

“पुरं वरीस,” बाई म्हणाल्या. “एक डाव नाई. मास्तर म्हने, तुझं नशीब नाई पोरी. सात वर्सांची होती मी. गनित येत नव्हतं, पन मले समजत होतं का माही चिठ्ठी त्या टोपीतच नाई. कोनाले सांगू? आन् हा म्हनते लहान पोरांले समजत नाई.”

एवढं सांगून त्यांनी छत्री चुलीजवळच्या भिंतीवर इतक्या जोरात मारली की तिची एक काडी तुटली.

त्या जूनमध्ये सोडत होती. बाजाराच्या गावी एका संस्थेची निवासी शाळा होती. पहिलीपासून दहावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं मोफत. आमच्यासारख्या गावातल्या पोराला चौथीनंतर शिकायचं असेल तर तेवढी एकच वाट होती. दर वर्षी पहिलीसाठी जंगलातल्या गावांना आठ जागा ठेवलेल्या असत. त्या वर्षी त्या आठांसाठी साठेक पोरांचे अर्ज होते. आमच्या गावची सात पोरं होती, त्यात सोमी. ती आमच्याकडे पहिलीत बसायची, पण तिथल्या पहिलीसाठी तिचं वय बसत होतं. तेही त्या एकाच वर्षी.

आम्ही सगळे पहाटे निघून चालत गेलो. सोमीची आई तिला नवा फ्रॉक घालून घेऊन आली होती. आवारात मांडव होता. टेबलावर अरुंद तोंडाचा पितळेचा डबा ठेवला होता. संस्थेचे एक साहेब होते, पांढऱ्या सफारीतले. त्यांनी सांगितलं की सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या कालच ऑफिसात लिहून डब्यात टाकल्या आहेत, वेळ वाचावा म्हणून. मग त्यांनी डबा हलवला आणि हात घातला.

पहिलं नाव त्याच बाजाराच्या गावातल्या एका दुकानदाराच्या मुलाचं निघालं. दुसरं तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराच्या पुतणीचं. तिसरं पुन्हा त्याच गल्लीतलं. चौथं संस्थेच्याच एका शिपायाच्या घरचं. जंगलातलं एकही गाव नाही. मांडवात साठ पोरांचे आईबाप गप्प बसले होते. मीही गप्प होते. मनात म्हणत होते, अजून चार आहेत.

सोमी माझ्या शेजारी उभी होती. तिचं लक्ष साहेबांच्या चेहऱ्याकडे नव्हतं, डब्याकडे होतं. ती नेहमीच्या आवाजात, जसं वर्गात सांगावं तसं, म्हणाली, “त्या डब्यात आमच्या चिठ्ठ्या नाईत.”

पुढच्या रांगांपर्यंत ते गेलं. काही लोक हसले. साहेबही हसले. ते खाली वाकून गोड आवाजात म्हणाले, “चिठ्ठ्या आहेत, बेटा. नशीब लागतं.”

मी बाईंकडे पाहिलं. मला वाटलं आता छत्री. पण छत्री त्यांनी माझ्या हातात दिली, दोन्ही हात मोकळे केले आणि सरळ टेबलापाशी गेल्या. साहेबांना काही कळायच्या आत त्यांनी डबा उचलून टेबलावर पालथा केला. चार चिठ्ठ्या पडल्या. त्यांनी डबा हलवला, आत हात घालून चाचपला आणि सगळ्यांना दिसेल असा आडवा धरला. आत काही नव्हतं. आठ जागा आणि आठच चिठ्ठ्या.

बाईंनी त्या चार चिठ्ठ्या उघडल्या आणि चारही नावं मोठ्यानं वाचली. आमच्यातलं एकही नव्हतं.

पुढचा गोंधळ मला तुटक आठवतो. साहेब म्हणाले की कारकुनाची चूक झाली, एक डबा ऑफिसातच राहिला. सोडत रद्द झाली, पुन्हा घेऊ. लोक उठून टेबलाभोवती जमले. कुणी कुणाला मारलं नाही, कुणी ओरडलं नाही. आता वाटतं, कुणीतरी ओरडायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात संस्थेच्या भिंतीवर यादी लागली. फेरसोडत झाली म्हणे. कधी, कुणासमोर, ते कुणालाच माहीत नव्हतं. नावं तीच होती, त्याच क्रमानं.

आणि ऑगस्टमध्ये भर पावसात बाईंवर चौकशी आली. तक्रार अशी होती की शाळेत लहान मुलांना जुगार शिकवला जातो.

चौकशीला आलेले गृहस्थ नाला ओलांडताना गुडघ्यापर्यंत भिजले होते. बाईंनीच त्यांना अंग पुसायला टॉवेल दिला. त्यांनी पोरांना ओळीत उभं केलं आणि विचारलं, बाई जुगार शिकवतात का? पोरांना तो शब्दच माहीत नव्हता. मग त्यांनी बटणं दाखवून विचारलं, या खेळात गोळी जिंकता का? सगळी पोरं एका सुरात हो म्हणाली, आनंदानं. कुणी किती गोळ्या जिंकल्या तेही सांगायला लागली. ते लिहून घेत होते. बाईंची वहीही त्यांनी घेतली. पानापानावर नावं, लाल की पांढरं, गोळी मिळाली की नाही. याहून चांगला पुरावा कुठला मिळाला असता? बटणांची पुडी त्यांनी दोरा बांधून, लाख लावून सील केली.

शेवटी त्यांनी माझा जबाब लिहिला आणि सहीसाठी कागद पुढे केला. म्हणाले, यात खोटं एक अक्षर नाही, बघून घ्या. खरंच नव्हतं. शाळेच्या वेळेत, खाऊ लावून, बटणं काढण्याचे खेळ घेतले जातात. बटणं मीच आणून दिली. त्यातली दोन टोपल्यांची गोष्ट, सोमीची गोष्ट, डब्याची गोष्ट मी सांगितली होती. ती लिहिलेली नव्हती. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, ते विषयाला सोडून आहे. आणि मग पेनचं टोपण काढता काढता, सहज विचारल्यासारखं, त्यांनी विचारलं की मी अजून कायम झालेली नाही ना?

बाई तिथेच उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं त्या म्हणतील, करू नको. किंवा म्हणतील, कर, तुझी नोकरी आहे.

“वाचून सही कर,” त्या म्हणाल्या. “बिना वाचता कोनत्याच कागदावर सही नको करू.”

मी वाचून सही केली.

मी वयानं लहान होते, अब्बांचे डोळे अधू झाले होते, घरात माझा पगार लागत होता. ही सगळी कारणं खरी आहेत आणि चाळीस वर्षं मी ती स्वतःला सांगत आले आहे. त्यातल्या एकानंही माझा राग गेलेला नाही. त्या गृहस्थावरचा जातो अधूनमधून, साहेबांवरचाही मधेच विझतो. माझ्यावरचा जात नाही.

त्यानंतर तीन आठवडे बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. एका घरात, एका चुलीवर. मला काही सांगायचं असलं की कोंबडीला सांगायच्या. मीठ संपलं, उद्या पानी भराले लवकर जा, पावसात तिचे कपडे भिजून राह्यले. मी मुकाट्यानं उठून कपडे काढायची. चौथ्या आठवड्यात बदलीचा कागद आला. तेव्हा जिल्हा एकच होता, गडचिरोली वेगळं व्हायचं होतं. एका टोकाच्या माणसाला उचलून दुसऱ्या टोकाला टाकता यायचं. बाईंना जिवतीच्या डोंगरावरची शाळा दिली. पन्नाशीच्या बाईला तिथे जायला दोन दिवस लागले असतील. निघताना त्यांनी कोंबडी सोमीच्या आईला दिली. मला काही दिलं नाही.

पुढच्या जूनमध्ये सोडत आली तेव्हा शाळेत मी एकटीच होते. नवीन मास्तर कागदावर होते, गावात नव्हते. आमच्या बालवाडीतून निघालेली सहा पोरं घेऊन मी गेले. तोच मांडव, तोच डबा, तेच साहेब. चिठ्ठ्या कालच लिहून ठेवल्या आहेत असं त्यांनी सुरू केलं आणि मी उभी राहिले. पुढच्या खुर्चीची पाठ धरली. मी म्हटलं, डबा आधी पालथा करून दाखवा. चिठ्ठ्या इथे लिहा. ज्याची चिठ्ठी त्याच पोरानं आपल्या हातानं आत टाकायची.

साहेबांनी मला ओळखलं. म्हणाले, त्या बाईंचा रोग तुम्हालाही लागलेला दिसतो, मॅडम. पण आदल्या वर्षी बाईंनी डबा पालथा केला तो सगळ्या जंगलातल्या गावांनी पाहिला होता. माझ्या मागे एक बाप उभा राहिला, मग दुसरा, मग सगळेच. नुसते उभे राहिले आणि बसायला तयार होईनात. शेवटी चिठ्ठ्या तिथे लिहिल्या गेल्या. एकेक पोर टेबलापाशी जाऊन आपली चिठ्ठी टाकून आलं. त्या वर्षी आमच्या गावाच्या दोन निघाल्या.

हे बाईंना सांगायला मी दिवाळीच्या सुट्टीत जिवतीला गेले. मनातून मला वाटत होतं की आता त्या मला जवळ घेतील. मी तशी तयारीच करून गेले होते म्हणा ना. घाटातली बस, वर मोकळं माळरान, थंडगार वारा. बाई शाळेच्या खोलीत एकट्याच बसल्या होत्या. वाळल्या होत्या. बूट तेच होते, बोटांपाशी फाटलेले. मी सगळं सांगितलं, डबा कसा पालथा करायला लावला, बाप कसे उभे राहिले. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

“दोन निघाल्या,” त्या म्हणाल्या. “आन् सोमी?”

मी म्हटलं, तिचं वय निघून गेलं, बाई. पहिलीतच घेतात.

त्यांनी छत्री उचलली नाही. आपटायला जवळ टेबल होतं, तरी नाही. मी रडायला लागले आणि सहीबद्दल बोलायला लागले. जे सव्वा वर्ष बोलायचं राहिलं होतं ते सगळं बोलले. त्या ऐकत होत्या की नाही कुणास ठाऊक. मग म्हणाल्या, “माफी मांगाले आली का? मी नाई देत. माहं का गेलं? मी तिथी शिकवत होती, इथी शिकवून राह्यली. ज्याचं गेलं त्याले मांग.”

एवढं बोलून त्यांनी मला जेवायला वाढलं, मुक्कामाला ठेवून घेतलं, आणि सकाळी बसपर्यंत सोडायला आल्या. वाटेत जिवतीच्या साहेबांबद्दल इतकं वाईट बोलल्या की मला बरं वाटलं. ती आमची शेवटची भेट. पुढे त्या निवृत्त झाल्या, ब्रह्मपुरीला गेल्या, तिथेच वारल्या. मला पत्रानं कळलं.

सुट्टी संपवून गावी परतले त्या दिवशी मी घर न उघडता सरळ सोमीकडे गेले. धान निघालं होतं. तिची आई अंगणात सुपानं पाखडत होती. सोमी काही घरी नव्हती, बकऱ्या घेऊन गेली होती. मी तिथेच जमिनीवर बसले आणि तिच्या आईला सगळं सांगितलं. आदल्या वर्षी यादी खोटी होती. चौकशी खोटी होती. बाईंना काढलं ते खोट्यानं काढलं आणि त्यावर माझी सही होती. सोमीची जागा चोरली गेली, आणि मला ते माहीत असून मी गप्प बसले. मी म्हटलं, मला माफ करा.

तिचे हात थांबले. सूप मांडीवर ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. मी जे काय सांगत होते ते तिनं नीट ऐकलं होतं. त्यातलं तिच्या कामाचं काय आहे ते ती शोधत होती.

“मंग बाई,” तिनं विचारलं, “आता घेतीन का तिले?”

मी नाही म्हणाले.

तिनं डोकं हलवलं, सूप उचललं आणि उरलेलं धान पाखडायला घेतलं. भुसा माझ्या अंगावर उडत होता, म्हणून थोडं सरकून बसा म्हणाली.